मलेरियावाल्याच्या घरचा ताप

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये राजरत्न भालेरावला नावाने फारसं कोणी ओळखत नसे. सिंधी बायका त्याला 'मलेरियावाला' म्हणत, पोरंटोरं 'मच्छरवाला' म्हणत, आणि त्याची म्हातारी आई गयाबाई लाडात आली की 'माजा सुईवाला' म्हणे. पालिकेच्या हिवताप विभागात तो चिकटला तेव्हा त्याला धड मिशीही फुटली नव्हती. पुढे मिशी आली, पिकली, तरी खांद्यावरची खाकी पिशवी काही उतरली नाही. पिशवीत काचपट्ट्या, सुया, स्पिरिटची बाटली, कापूस, कडूजहर पांढऱ्या गोळ्या आणि निळा खडू.

कामही ठरलेलं. दारात उभं राहायचं, "ताप कुणाला आलाय का?" विचारायचं. आला असेल तर बोट टोचायचं, थेंब काचेवर घ्यायचा, गोळ्या हातावर ठेवायच्या आणि निघताना चौकटीवर खडूने तारीख टाकायची. खडू लागला की ते घर झालं. साहेब तपासणीला आले तर चौकटी बघत, माणसं बघत नसत. राजरत्नच्या गल्ल्यांमधली एकही चौकट कधी कोरी सापडली नाही, आणि या गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता. स्वतःच्या घराच्या चौकटीवरसुद्धा तो इमानेइतबारे तारीख टाकायचा. बायको शीला म्हणायची, "अहो, आपल्याच घरात कसली हजेरी लावता?" तो म्हणायचा, "नियम म्हणजे नियम."

मलेरिया त्याला माणसासारखा ओळखीचा झाला होता. कुठल्या डबक्यात अळी होईल, कुठल्या गल्लीत कोण आधी आडवं पडेल, थंडी वाजून आलेला ताप घाम येऊन कधी उतरेल, हे तो दारातूनच सांगे. बहुतेक वेळा ते खरं ठरे. माणसाचं एकदा बहुतेक वेळा खरं ठरायला लागलं की उरलेल्या वेळांकडे तो बघेनासा होतो. राजरत्नचं तेच झालं, आणि त्याची किंमत त्याने भरली नाही, त्याच्या पोरीने भरली. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी चांगल्या शेवटाची वाट बघत बसायला नको.

पोरीचं नाव भावना. एकुलती एक. बारावी झाली त्या वर्षी ऑक्टोबरच्या उन्हात ती कॉलेजातून घरी आली ती तापाने फणफणतच. मनगटं दुखत होती, अंगात त्राण नव्हतं. बापाने पिशवी उघडली.

"पप्पा, प्लीज, सुई नको ना. आधी क्रोसिन देऊन बघा."

"क्रोसिनने ताप उतरतो, मलेरिया जात नाही. बोट दे."

तिने बोट दिलं. त्याने थेंब घेतला, गोळ्या दिल्या, तीन दिवसांचा कोर्स स्वतःच्या हाताने पाण्याबरोबर घालून पुरा केला. आठवड्याभरात पोरगी उठून हिंडायला लागली. प्रयोगशाळेतून निरोप आला, स्लाइडमध्ये जंतू नाही. राजरत्न हसला. थेंब घ्यायची वेळ चुकली असेल, नाहीतर जंतू रक्तात कमी असतील. अशा स्लाइडी त्याने हजारांनी पाहिल्या होत्या. गोळीने गुण आला ना, मग ताप मलेरियाचाच. त्याच्या लेखी विषय संपला.

विषय संपला नाही. दर दोन-चार महिन्यांनी भावनाला ताप यायचा. कधी बोटांची पेरं सुजायची, कधी तोंडात फोड येऊन तिखट खाववायचं नाही. कंगव्यात केस यायचे. उन्हातून आली की दोन्ही गाल आणि नाक लाल व्हायचं, मैत्रिणी विचारायच्या कुठली क्रीम लावतेस म्हणून. प्रत्येक वेळी बाप बोट टोचायचा, स्लाइड कोरी यायची, गोळ्या चालू व्हायच्या आणि ताप उतरायचा. एका वर्षी त्याने तिला अख्खा पावसाळा दर रविवारी गोळ्या चारल्या. साथीच्या भागात जाणाऱ्यांना देतात, तशा. त्या पावसाळ्यात पोरगी खरोखरच टुणटुणीत राहिली. दिवाळीत गोळ्या थांबवल्या आणि डिसेंबरात पुन्हा मनगटं धरली. राजरत्नने शीलाला बजावून सांगितलं, "बघितलंस? गोळी थांबली की हा परत येतो. चिवट मलेरिया आहे हिचा." शीलाने मान डोलावली. मलेरियावाल्याच्या बायकोने मलेरियावर शंका कशी घ्यायची?

भावना शिकली, बी.कॉम. झाली, अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर लागली. मोठी गमतीशीर पोरगी होती. ऑफिसातल्या सगळ्यांच्या नकला करायची. बापाच्या तर फारच छान करायची. उशी खांद्याला लटकवून दारात उभी राहायची आणि घोगऱ्या आवाजात विचारायची, "ताप कुणाला आलाय का?" गयाबाई हसून हसून पदर तोंडात कोंबायची.

दोन हजार पाचच्या जुलैतला पूर या भागात कोणी विसरणार नाही. उल्हास नदी बदलापूर गावात घुसली, कॅम्पातल्या तळमजल्यांवर गाळ साचला. पाणी ओसरलं आणि मागून मलेरिया आला, तोही साधा नव्हे, डोक्यात चढणारा. राजरत्नबरोबर नाथा नावाचा एक तरणाबांड कामगार होता, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन तीन-तीन जिने धावत चढणारा. सोमवारी तो म्हणाला अंग मोडून आलंय. गुरुवारी तो बायकोला ओळखेना. रविवारी शहाडच्या स्मशानात राजरत्नने त्याला खांदा दिला.

आणि त्याच आठवड्यात भावनाची स्लाइड आली. या वेळी जंतू होता. तोच, नाथाला नेणारा. शीलाने हंबरडा फोडला. पोरीला दवाखान्यात टाकली, दोघं नवरा-बायको बाकावर बसून राहिले, गयाबाईने घरी बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती विझू दिली नाही. आणि भावना? ती तिसऱ्या दिवशी उठून बसली आणि म्हणाली, मला वडापाव पाहिजे. डॉक्टरही चकित झाले. एवढा जंतू रक्तात, आणि डोक्याला धक्का नाही, काही नाही.

राजरत्न घरी आला तो छाती पुढे काढून. "पोरीचं रक्त खंबीर आहे," तो येईल त्याला सांगू लागला. "एवढ्या वर्षांचा मलेरिया पचवलाय तिने. नाथा कच्चा होता." नाथाच्या विधवेच्या कानावर हे गेलं असेल तर तिला काय वाटलं असेल, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. पण त्याहून वाईट हे की इतक्या वर्षांत एकदा स्लाइड खरी निघाली आणि तिने मागच्या सगळ्या कोऱ्या स्लाइडी खऱ्या करून टाकल्या. आता त्याच्या मनात तिळभरही शंका उरली नाही.

शंका दुसऱ्याच्या मनात होती. कोपऱ्यावरच्या डॉक्टर टेकचंदानींकडे शीला एकदा पोरीला घेऊन गेली, तोंडातल्या फोडांवर औषध मागायला. म्हातारा डॉक्टर, दातांत बडीशेप, पण नजर शाबूत. त्यांनी भावनाची बोटं दाबून पाहिली, गाल पाहिले, केस पाहिले आणि संध्याकाळी राजरत्नला बोलावून घेतलं.

"राजरत्नभाई, बच्ची को मलेरिया नहीं है. ये कुछ और है. मुंबई के बड़े अस्पताल में दिखाओ, खून की बड़ी जाँच कराओ."

राजरत्न आधी रागावला. मलेरिया काय असतो हे मला हा शिकवणार! पण राग वरवरचा होता. आत काहीतरी लकाकून गेलं, आणि त्याने ते दाबून टाकलं. कारण त्याच महिन्यात बदलापूरची मंडळी भावनाला बघून गेली होती. मुलगा मिलिंद, ऑर्डनन्स फॅक्टरीत कायम, घरची माणसं समजूतदार. पोरीला अधूनमधून ताप येतो हे त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी हसून विचारलं होतं, "मलेरिया ना? तो कुणाला होत नाही?" मलेरिया हे नाव सोयरिकीत चालतं. मोठ्या हॉस्पिटलात ठेवलेलं नाव चालत नाही.

"डॉक्टरसाब," तो खाली बघत म्हणाला, "लड़की की शादी जमी है. अभी ऐसा-वैसा नाम मत निकालो."

डॉक्टरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्यानंतर जेमतेम वर्षभराने, लग्नाची खरेदी अर्धी झालेली असताना, भावनाच्या पायातली चप्पल पायात जाईना. पाय सुजले, मग डोळ्यांखाली सूज आली, मग लघवीला रक्त. सुईवाल्या बापाने या वेळी पिशवी उघडली नाही. त्याने रिक्षा आणली.

मुंबईच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर उमा तिशीच्या, बोलायला स्पष्ट. सगळ्या तपासण्या हातात आल्यावर त्यांनी आई-बापाला बाकावर बसवलं. आजाराचं नाव ल्युपस. "आपल्या अंगात बाहेरच्या जंतूंशी लढणारी एक फौज असते," त्या म्हणाल्या. "हिची फौज बिथरली आहे. ती हिच्याच सांध्यांवर, कातडीवर आणि आता किडनीवर तुटून पडलीये. बरीच वर्षं चाललंय हे."

मग त्यांनी औषधं सांगितली आणि त्यातल्या एका गोळीचं नाव ऐकून राजरत्न दचकला. ती त्याच्या पिशवीतल्या गोळीची सख्खी बहीण होती.

"मॅडम, ही तर मलेरियाची गोळी."

"हो. ल्युपसमध्ये तीच देतात. रोज, वर्षानुवर्षं. ती या फौजेला जरा आवरून धरते."

"मी... मी देत होतो तिला. तापात. एक पावसाळा तर दर रविवारी."

डॉक्टर उमांनी पेन खाली ठेवलं. "म्हणून बरं वाटायचं तिला. निदान काही अंशी. मग थांबवलीत कशाला?"

"कोर्स तीन दिवसांचा असतो ना," राजरत्न म्हणाला. खरंच तेवढंच त्याला माहीत होतं, आणि ते त्याला इतकं पक्कं माहीत होतं की त्यापलीकडे काही असेल असं कधी वाटलंच नव्हतं. योग्य गोळी चुकीच्या आजारावर देत राहिला, आणि गुण आला म्हणून आजाराचं नाव कधी तपासलं नाही. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "तीन-चार वर्षांपूर्वी आणली असती तर?"

शीलाने त्याचा दंड धरला, पण प्रश्न निघून गेला होता. डॉक्टरांनी खोटं बोलायचं टाळलं. "किडनी वाचली असती. बहुतेक."

बदलापूरची मंडळी एकदा सफरचंदं घेऊन हॉस्पिटलात आली. मिलिंद पलंगाजवळ उभा राहिला, काहीतरी बोलायचं होतं त्याला, पण त्याच्या आईने त्याला हळूच बाहेर नेलं. पुन्हा कोणी आलं नाही. भावना भिंतीकडे तोंड करून पडली, आणि दुसऱ्या दिवशी तिने मिलिंदच्या आईची अशी नक्कल केली की बाजूच्या खाटेवरची बाईही हसली. शीला मात्र बाहेर जाऊन रडली.

याच दिवसांत डॉक्टर उमांना पुरातल्या त्या मलेरियाची हकीकत कळली आणि त्यांचे डोळे एकदम चमकले. परदेशात उंदरांवर प्रयोग चालू होते, त्या म्हणाल्या. ज्या उंदरांची फौज ल्युपसवाल्यांसारखी तापट, ते मलेरियाने सहसा मरत नाहीत. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरियाने माणसं मेली, तिथे अशा तापट रक्ताचीच माणसं जास्त टिकली असतील का, असा अभ्यासकांचा कयास होता. "अजून पक्कं काही नाही," त्यांनी बजावलं. "भावनाच्या बाबतीत तर मुळीच सांगता येणार नाही. पण ती तेव्हा इतकी सहज वाचली, ते कदाचित याच रक्तामुळे."

"म्हणजे पप्पा," भावना सुजलेल्या तोंडाने हसली, "तुमच्या पालिकेपेक्षा माझा विभाग भारी. मलेरियाला मारलं आणि वर ओव्हरटाइम पण केला."

राजरत्नला हसता आलं नाही. खंबीर रक्त, खंबीर रक्त म्हणून तो गल्लीभर मिरवला होता, ते हे रक्त.

औषधांनी फौज थोडी नरमली, आणि ती नरमली तशी बाहेरच्या साध्या जंतूंनाही रान मोकळं झालं. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात भावनाच्या छातीत कफ झाला आणि चार-पाच दिवसांत ती गेली. पंचविशीही पुरी झाली नव्हती. शेवटच्या तापात तिने बापाकडे पाहून सवयीने बोट पुढे केलं होतं. त्याने ते बोट दोन्ही हातांत धरून ठेवलं. टोचायला काही उरलं नव्हतं.

पुढे काही महिन्यांनी डॉक्टर उमा कॅम्प चारमध्ये घरी आल्या. ज्यांना ल्युपस झाला आणि जे जबर मलेरियातून वाचलेत, अशांच्या घरच्यांचं रक्त त्यांना अभ्यासासाठी हवं होतं. देणं सक्तीचं नाही, आणि यातून तुम्हाला काही मिळणार नाही, हेही त्यांनी आधीच सांगितलं. राजरत्नने बाही वर केली. शीलाने दिलं. मग गयाबाईने विचारलं, ह्ये कशापायी? डॉक्टरांनी तिला सोप्या शब्दांत समजावलं, की रक्तातला हा तापटपणा कधी कधी आजीकडून नातीकडे येतो.

म्हातारी बोलू लागली. मुरबाडच्या डोंगराखालचं तिचं गाव. ती लहान असताना एका पावसाळ्यात हिवतापाने तिची सगळी भावंडं नेली. दोन भाऊ, दोन बहिणी. एका गोधडीत झोपायची पोरं. तीसुद्धा त्याच गोधडीत तापली होती, आणि तीच तेवढी उठली. आई तिला जन्मभर म्हणायची, तुला देवानं राखली. पुढे दीक्षा घेतली, देव सुटला, पण कोणी राखली हा प्रश्न राहिला होता.

"मंग बाय, मना ह्याच रगतानं राखली म्हनतेस?"

"असेल आजी. नक्की नाही सांगता येत."

"न् माज्या नातीला त्याच रगतानं खाल्ली."

गयाबाईने सुरकुतलेला हात पुढे केला. "घे. लागंल तेवढं घे. मना काय करायचंय आता त्याचं?" सुई निघाल्यावर कापसाचा बोळा राजरत्नने दाबून धरला. आईचं रक्त थांबायला वेळ लागत होता, आणि तो तसाच उकिडवा बसून रडत होता, कोणापासून न लपवता.

निवृत्तीला त्याची थोडी वर्षं राहिली होती. कामावर तो परत गेला, पण त्याचं विचारणं बदललं. तापाचं विचारून झालं की तो आणखी विचारी, विशेषतः तरुण पोरींना. सांधे दुखतात का? केस जातात का? उन्हात तोंड लाल होतं का? साहेबांनी हटकलं, हे तुझं काम नाही म्हणून. बायका तोंडावर हसायच्या, मलेरियावाला आता ब्यूटी पार्लर चालवतो म्हणायच्या. बहुतेक घरांतून नाही असंच उत्तर येई. तो खडूने तारीख टाकायचा आणि पुढे जायचा.

एकदा बिऱ्हाडं झालेल्या एका जुन्या लष्करी बराकीत एक पोरगी दारातच खुर्चीवर बसलेली दिसली. विशीची असेल. गाल आणि नाक लालभडक, आणि एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट चोळत होती.

"ताप येतो का?"

"बार बार आता है," ती म्हणाली. "हाथ भी दुखते हैं. और अंकल, बाल तो देखो..."

आतून तिची आई लगबगीने बाहेर आली. तिने पोरीला दंडाला धरून उठवलं आणि आत ढकललं. "कुछ नहीं है उसको. मलेरिया है थोड़ा. गोली दे दो, बस."

"बेहनजी, ये मलेरिया नहीं लगता. मुंबई में एक डॉक्टर है, मैं पता देता हूँ. एक बार खून की जाँच..."

"भाऊ, हाथ जोड़ती हूँ," बाई हलक्या आवाजात म्हणाली, आणि शेजारच्या दाराकडे एक नजर टाकली. "लड़की की शादी जमी है. ऐसा-वैसा नाम मत निकालो."

दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

राजरत्न उभा राहिला. हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. डॉक्टर टेकचंदानी तेव्हा त्याच्याकडे एवढा वेळ का बघत राहिले होते, ते त्याला आज कळलं. म्हातारा डॉक्टर बघत राहिला आणि मग त्याने पुढच्या पेशंटला बोलावलं, कारण बापच नाही म्हणतोय तर डॉक्टर किती मागे लागणार? राजरत्नला एकाएकी वाटलं, त्या दिवशी त्या माणसाने आपल्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

सवयीने हात खिशात गेला होता आणि खडू बाहेर आला होता. तारीख टाकायची, घर झालं, पुढे निघायचं. त्याने चौकटीकडे पाहिलं, खडू परत खिशात ठेवला आणि दार वाजवलं. आतून कोणी आलं नाही. त्याने पुन्हा वाजवलं. शेजारची दारं उघडली, माणसं बघायला लागली, कोणीतरी म्हणालं मलेरियावाल्याचं डोकं फिरलं. तो मुठीने दार वाजवत राहिला.